नातीसाठी घेतलेला फोन

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी औसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ५३, शाळा सातवीपर्यंत. मालक शेती बघतात, दोघी लेकी दिल्या घरी सुखी, लेक आणि सून चिंचवडला. अडीच वर्षांखाली लेकाने माझा बटनाचा फोन काढून घेतला आणि टचचा हाती दिला, नातीला बघता यावं म्हणून. तेव्हा फोन आला तर कुठं दाबायचं तेही कळत नव्हतं.

मग घरच्यांचा ग्रुप आला, भजनी मंडळाचा आला, गावाचा आला. यूट्यूबवर कीर्तन लावून भाकरी करायची सवय लागली. फेसबुकवर शाळेतली मैत्रीण सापडली, निलंग्याला दिलेली. तीस-पस्तीस वर्षांनी बोललो, दोघी रडलो. मग भाचीने इन्स्टाग्राम टाकून दिलं. मागच्या येळवसीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात कोपीपुढं भज्जी-आंबिलीचा व्हिडिओ केला, तो अकरा हजार लोकांनी बघितला. तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. पुढचे सगळे दीडशे-दोनशेवर अडकतात. दर घडीला उघडून बघते, वाढले का. आठवड्याआड शेतातल्या मोटारीला रात्रीची लाइट असते, मालक पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला शेतात जातात, मग मी एकटी रील बघत बसते, एक वाजतो.

गावाच्या ग्रुपवर आरक्षणावरून आलेला एक मेसेज मी धड न वाचताच पुढं ढकलला. शेजारच्या काकू तेव्हापासून बोलत नाहीत, बावीस वर्षांचा शेजार आमचा. मालक म्हणतात, ‘काय करायलीस त्या डबड्यात, एक दिवस विहिरीत टाकतो बघ.’ परवा लेक म्हणाला, ‘माय, माझ्याशी बोलताना बी तू दुसरंच बघायलीस.’ ते फार लागलं. मी अशी नव्हते. मन इतकं कच्चं कसं झालं? फोन लेकाला परत देऊन टाकावा का?

ता. क. रील वाढवायचं शिकवणारा ऑनलाइन क्लास आहे म्हणे, ४,९९९ रुपये. भरावेत का?

(नाव न छापण्याच्या विनंतीसह, जि. लातूर)

उत्तर

ताई,

फोन परत देऊ नका. मालकांना विहिरीतही टाकू देऊ नका, नातीची भेट त्यातूनच होते.

आता मन कच्चं असण्याविषयी. तुमचं पत्र वाचताना मी शोधत होते की ही बाई नेमकी कुठल्या दिवशी चुकली. मला तो दिवस सापडला नाही. नातीला बघायचं होतं, बघितलं. भजनी मंडळाच्या ग्रुपमध्ये गेला नसता तर मंडळातल्या बायकांनीच विचारलं असतं, हिला काय झालं म्हणून. कीर्तन ऐकत भाकरी थापण्यात वावगं काय आहे? प्रत्येक वेळी तुम्ही जे केलंत ते त्या वेळेला बरोबरच होतं, आणि मला विचारलं असतंत तर मीही ‘करा’ म्हणाले असते. नवख्या माणसाला फोन असाच लागतो. पहिल्या दिवशी कुणी रात्री एकपर्यंत जागत नाही. आज पाच मिनिटं, दोन महिन्यांनी अर्धा तास, आणि मधे कुठेही ‘आता हे फार होतंय’ असं टोचत नाही. टोचतं ते लेकाने बोलून दाखवल्यावर.

आणि हे आपोआपही होत नाही. तुम्ही औशाच्या, म्हणजे लेकींच्या लग्नाचा बस्ता लातूरला गंजगोलाईतच बांधला असणार. दुकानदार नव्या गिऱ्हाइकाला कसं बसवून घेतो ते आठवा. आधी पाणी, मग चहा, मग कोणत्या गावच्या, पाहुणे कुठले. लुगडी उलगडताना त्याचं लक्ष कापडावर नसतं, तुमच्या डोळ्यांवर असतं. नजर ज्या रंगावर ठरली त्याच रंगाची आणखी दहा तो पुढ्यात टाकतो. तुम्ही तोंडाने ‘हे दाखवा’ म्हणायची गरजच नसते. फोनमधली ही अॅपं हेच करतात. फरक इतकाच, की गंजगोलाईतला माणूस संध्याकाळी दमतो, शटर ओढतो, आणि तुमच्याबरोबरचं कुणीतरी ‘उठा आता, शेवटची गाडी जाईल’ म्हणतं. इथे शटर नाही, आणि उठा म्हणणारं माणूस रात्री शेतात दारं धरतंय.

नव्या माणसाकडे तर खास लक्ष असतं. फेसबुकची वाढ करायचं काम सुरुवातीच्या वर्षांत चमथ पलिहापिटिया नावाच्या अधिकाऱ्याकडे होतं. नव्याने आलेल्या माणसाला दहा दिवसांत सात मित्र जोडून द्यायचे, हे आमचं उद्दिष्ट होतं, असं त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. ओळखीची सात माणसं भेटली की माणूस परत परत येतो, हा त्यामागचा हिशेब. आपण अॅप टाकतो तेव्हा ते विचारतं, ‘तुमच्या फोनमधले नंबर बघू का?’ आपण ‘अलाऊ’ दाबतो आणि पुढे जातो. थोड्या वेळात ‘या तुमच्या ओळखीच्या असतील’ म्हणून चेहरे यायला लागतात. निलंग्याची मैत्रीण अशीच कुठून तरी समोर आली असणार. तिला बघून आलेलं रडू खरं होतं, मैत्री खरी आहे. आणि कंपनीचा हिशेबही खरा होता. या दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात, हे ध्यानात घ्या, नाहीतर आपण एक तर फोनला देव समजतो किंवा डबडं म्हणून विहिरीत टाकायला निघतो.

मैत्रिणीपर्यंत आणि नंतर, असे मी तुमच्या पत्राचे दोन भाग पाडते. मैत्रिणीपर्यंत तुम्ही फोनला काम सांगत होता: नात दाखव, कीर्तन लाव, तिला फोन लाव. काम झालं की फोन बाजूला. इन्स्टाग्राम आल्यावर हे उलटलं. आता काही काम नसताना हात फोनकडे जातो आणि काय बघायचं ते फोन ठरवतो. माझ्या मते तुमचं जे बिघडलंय ते एवढंच, आणि ते तिथेच दुरुस्त करायचं आहे. त्याच्या अलीकडचं सगळं राहू द्या.

रीलबद्दल थोडं खोलात जाते, कारण तुमची झोप तिथे गेली आहे. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं. त्याच्या आधी एक जीबी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागायचे, खेड्यातलं माणूस व्हिडिओ उघडताना दहादा विचार करायचं. आता रोज दीड-दोन जीबी येतो आणि रात्री बाराला संपून जातो, म्हणून उलट ‘वाया कशाला घालवा’ असं वाटतं. मग टिकटॉक गावोगाव पोचलं. मराठवाड्यात तर ऊसतोडीच्या फडापासून आठवडी बाजारापर्यंत लोक नाचत-गात होते. २०२०च्या जूनअखेरीला सरकारने त्यावर बंदी घातली. लोकांची सवय मात्र बंद झाली नव्हती, ती मोकळीच होती. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील आणले आणि सप्टेंबरात यूट्यूबने आपले शॉर्ट्स जगात सर्वांत आधी इथेच सुरू केले. म्हणजे भाचीने तुम्हाला जे टाकून दिलं, ते तयार सवयीसाठी घाईने उघडलेलं दालन होतं.

रील बघताना तुम्ही काही दाबत नाही, नुसत्या बघता, तेव्हा वाटतं की यात आपला काही माग उरत नाही. माग वेळेचा उरतो. कोणत्या व्हिडिओवर अंगठा थांबला, कोणता शेवटपर्यंत बघितला, कोणता परत बघितला, हे सगळं मोजलं जातं. सासू-सुनेच्या भांडणावर तुम्ही दोनदा थांबलात की तिसऱ्यांदा ते समोर येतंच. आणि खाली सरकवत जावं तसं नवं येत राहतं, तळ लागत नाही. पूर्वी इंटरनेटवर पान संपायचं, ‘पुढचं पान’ दाबावं लागायचं. तेवढ्या वेळात चुलीवरचं दूध आठवायचं. ही न संपणारी रचना एझा रास्किन या अमेरिकी रचनाकाराने २००६मध्ये काढली आणि पुढे त्यालाच तिची खंत वाटली. पलिहापिटिया यांनीही २०१७मध्ये आपल्या कामाबद्दल अपराधी वाटतं असं सांगितलं. करणाऱ्यांना पस्तावा होतो, नाही असं नाही. तो होईपर्यंत गोष्ट औसा तालुक्यापर्यंत पोचलेली असते.

आता तुमचे अकरा हजार. ताई, हा आकडाच तुम्हाला झोपू देत नाही, म्हणून तो जरा नीट बघू. अॅप नवा व्हिडिओ आधी थोड्या लोकांना दाखवतं. त्यांनी तो शेवटपर्यंत बघितला, कुणाला पाठवला, तर आणखी लोकांना दाखवतं. तुमचा व्हिडिओ येळवसीच्या दिवशीचा. त्या दिवशी लातूर-धाराशिवची शहरं ओस पडतात, अख्खी गावं शेतात असतात. पण चाकणच्या कंपनीत पाळीवर असलेला औशाचा पोरगा, भोसरीत खोली करून राहिलेली रेणापूरची सून, यांना सुट्टी नसते. त्यांच्या डोळ्यांपुढे दिवसभर कोपी, भज्जी, उंडे, आंबील. अशा माणसांना तुमचा व्हिडिओ दिसला, त्यांनी तो शेवटपर्यंत बघितला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, असंच झालं असणार. ते प्रेम तुमच्या भज्जीवर होतंच, पण त्याहून जास्त येळवसीवर होतं. नंतर तुम्ही शेंगदाण्याची चटणी केली असेल, धपाटे केले असतील, ते दोनशे लोकांनी बघितले. तुमच्या हाताची चव उतरली नाही, फक्त येळवस वर्षातून एकदाच येते.

पण मन असा हिशेब करत नाही. मनाला कळतं ते इतकंच, की एकदा मिळालं, म्हणजे परत मिळेल, कधी ते माहीत नाही. बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दरवेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबूतर लवकर थांबतं. कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर दाणा बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ चोच मारत राहतं. दर घडीला फोन उघडून ‘वाढले का’ बघणं हे त्याच जातीचं आहे. सातवी शिकलेल्या बाईचं असं होतं आणि एमए झालेल्याचं होत नाही, असं मुळीच नाही. शहरातले साहेब लोक बैठकीत टेबलाखाली हेच करतात.

मग करायचं काय?

इन्स्टाग्राम फोनवरून काढा. अॅप काढल्याने तुमचं खातं पुसलं जात नाही, येळवसीचा व्हिडिओही जात नाही, तो जिथे आहे तिथे राहतो. हे मुद्दाम सांगते, कारण बऱ्याच बायका एवढ्याच भीतीने ते काढत नाहीत. भाचीने टाकलं, तिच्याकडूनच काढून घ्या. महिनाभर त्याच्याविना राहा. त्यानंतर परत हवं वाटलं तर लाइकचे आकडे लपवायची सोय त्यात आहे, ती आधी लावून घ्या आणि मगच उघडा. व्हिडिओ करणं सोडा असं मी म्हणत नाही. येसर कसं भाजायचं, भज्जीला चुका किती, हे सगळं लेकींना आणि सुनेला हवंच आहे. त्यांच्यासाठी करा, घरच्या ग्रुपवर टाका. तिथे पाच जणी बघतील आणि त्यातली एक विचारेल, ‘आई, हरभऱ्याची डाळ किती वेळ भिजवू?’ मला विचाराल तर अकरा हजारांपेक्षा हा प्रश्न मोलाचा आहे, पण हे तुम्हाला पटायला थोडे दिवस जातील.

यूट्यूब ठेवा. फक्त त्यात एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, ते ‘ऑटोप्ले’ बंद करा. आणखी एक करता येतं: सेटिंगमध्ये जाऊन बघितलेल्याची ‘हिस्टरी’ पुसून बंद ठेवली, की अॅप उघडल्यावर समोर ढीग येत नाही, पान जवळजवळ रिकामं असतं. मग माइकचं चिन्ह दाबून तोंडाने सांगायचं, ‘हरिपाठ’. जे मागितलं ते येतं. म्हणजे काम सांगणारी परत तुम्ही.

रात्रीच्या लाइटचा प्रश्न मात्र सेटिंगमध्ये सुटत नाही. मला पत्रातली ती ओळ सर्वांत जास्त खटकली. नवरा अंधारात पाण्याला गेलेला, साप-किरडाची भीती, घरात दुसरं कुणी नाही. अशा वेळी झोप कशी लागणार? तुम्ही रीलच्या नादाने जाग्या राहता असं वरवर दिसतं. मला वाटतं तुम्ही काळजीने जाग्या राहता आणि रील ती काळजी विसरायला लावतं. म्हणून त्या आठवड्यासाठी वेगळं ठरवा. मालकांनी शेतात पोचल्यावर एक फोन करायचा आणि निघताना एक. फोन चार्जिंगला सोप्यात लावायचा, रिंग मोठी ठेवायची, उशाशी आणायचा नाही. फोनमधला ‘बेडटाइम मोड’ लावला तर पडदा काळा-पांढरा होतो आणि तुम्ही निवडलेल्या माणसांचेच फोन वाजतात. लेकाचं आणि मालकांचं नाव त्यात घाला. सुनं वाटलं तर एखादं तासाभराचं कीर्तन लावून फोन लांब पालथा ठेवा. आवाज येऊ द्या, पडदा नको. ऑटोप्ले बंद असल्यामुळे कीर्तन संपलं की आवाजही संपेल. पहिले दोन-चार दिवस हात तिकडे जाईल, चिडचिड होईल. ती फार दिवस टिकत नाही.

व्हॉट्सअॅपचं थोडं निराळं आहे. तिथे कुणी निवडून मेसेज दाखवत नाही, ढकलणारे आपणच असतो. गावाचा ग्रुप ‘म्यूट’ करून कायमचा बाजूला, ‘अर्काइव्ह’मध्ये टाकता येतो, मग नवा मेसेज आला तरी तो वर येत नाही. ग्रुप सोडायचाच असेल तर आता गाजावाजाही होत नाही, बाहेर पडल्याचं फक्त अॅडमिनला कळतं. आमच्या वेळी ‘अमुक बाहेर पडली’ म्हणून सगळ्या गावाला दिसायचं आणि दुसऱ्या दिवशी नळावर चौकशी व्हायची. मेसेजवर ‘फॉरवर्ड’चे दोन बाण दिसले तर तो कितीतरी हातांतून आलेला आहे असं समजा आणि तिथेच थांबवा. मेसेज पुढे पाठवण्यावर बंधनं आली ती उगीच नाहीत. २०१८च्या जुलैत मुलं पळवणाऱ्या टोळीच्या खोट्या मेसेजांवरून धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. अशा घटना देशभर झाल्यावर त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आली.

आरक्षणाचा विषय मराठवाड्यात किती नाजूक झालाय ते तुम्हाला मी सांगायला नको. गेल्या दोन-तीन वर्षांत एका पारावर बसणारी माणसं दोन पारांवर बसायला लागली. कुणाची मागणी बरोबर, हा या सदराचा विषय नाही. पण माणूस समोर असताना जे आपण कधी बोलणार नाही ते फोनवर एका अंगठ्याने पाठवतो, आणि रागाला या धंद्यात भाव आहे हे जाणून असा. फेसबुकने २०१७मध्ये नुसत्या लाइकला एक गुण धरला, तर रागाच्या चेहऱ्यासकट सगळ्या इमोजींना पाच. ज्या पोस्टवर लोक चिडले ती जास्त लोकांपुढे गेली. हे २०२१मध्ये कंपनीच्याच कागदपत्रांतून बाहेर आलं. त्याआधी त्यांनी रागाचे गुण काढून टाकले होते. तुमचा मेसेज तिकडूनच कुठून तरी निघून गावच्या ग्रुपवर आला असेल.

काकूंकडे जा. आजच्या आज. फोनवर लिहू नका, आवाजाचा मेसेजही पाठवू नका. वाटीभर काहीतरी घेऊन जा आणि सरळ म्हणा, ‘मी ते धड वाचलं नव्हतं, पाठवायला नको होतं.’ त्या बोलल्या नाहीत तर बसून या. बावीस वर्षांत त्यांच्या घरचं बाळंतपण असेल, तुमच्या घरचं दुखणं असेल, एकमेकींना ताकाचं विरजण दिलेलं असेल. एवढं सगळं एका मेसेजने जात नाही. नसेलच जमलं तर आठ दिवसांनी परत जा. दुपारची जी वेळ तुम्ही आता फोनला देताय ती मला वाटतं पूर्वी काकूंचीच होती. तसं असेल तर ती वेळ परत त्यांना दिल्याशिवाय बाकीचे उपाय टिकायचे नाहीत.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथे २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांत टीव्ही-मोबाइल बंद. पोरांनी अभ्यास करावा म्हणून सुरू झालं. चांगली गोष्ट आहे, पण ती सगळं गाव मिळून करतं म्हणून चालते. तुमच्या गावात भोंगा नसला तरी भजनी मंडळ आहे. तिथे जाताना फोन घरी ठेवा, एवढं पुरे.

मालकांविषयी एक बारीकशी शंका. ते तुमच्या फोनला डबडं म्हणतात, पण पारावर बसून ते स्वतः किती वेळ बघतात, हे एकदा विचारून घ्या. उत्तर ‘मी फक्त बाजारभाव बघतो’ असं आलं, तर कोणत्या मालाचा आणि आज सोयाबीन काय निघालं, तेही विचारा. भांडायला नव्हे. दोघांचेही फोन जेवताना सोप्यात राहिले तर तुम्हाला सोपं जाईल.

हा आजार आहे का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण ‘मन कच्चं’ या शब्दांमागे तीच भीती दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत व्हिडिओ गेमच्या व्यसनाला जागा आहे, सोशल मीडियाला तशी वेगळी जागा नाही. तरी त्रास खरा असतो. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत अशा तक्रारींसाठी २०१४पासून वेगळा दवाखानाच चालतो. तुमचं पत्र वाचून मला तुम्ही त्या टोकाला गेलेल्या वाटत नाही. पण महिनाभर हे सगळं करूनही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, सारखं रडू येत असेल तर १४४१६ या नंबरावर फोन करा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

राहिला लेक. तो बोलला ते लागलं, हे चांगलंच झालं. त्याला हे पत्र दाखवा, माझं उत्तरही दाखवा. आणि त्याला एक मागा: दर रविवारी एक ठरलेली वेळ, नातीसकट. कधीतरी अवचित फोन येईल या आशेने माणूस दिवसभर फोन हातात धरून बसतो आणि मग हातात आहेच तर रील बघतो. वेळ ठरलेली असली की बाकीचे तास मोकळे होतात. फोन आला की तो उभा करून ठेवा, डब्याला टेकवून. हातात असला की अंगठा इकडे-तिकडे जातो.

ता. क. ४,९९९ रुपये भरू नका. रील कसे पसरतात ते मी वर लिहिलंय, तेवढंच तो क्लासवाला सांगणार, वर ‘रोज तीन टाका’ म्हणणार, म्हणजे आता होतोय त्याच्या तिप्पट त्रास. पैसे मिळतील असं आमिष दाखवत असेल तर हेही माहीत असू द्या: यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळायलाच आधी एक हजार सबस्क्रायबर लागतात, आणि त्यावर वर्षभरात चार हजार तास लोकांनी तुमचे व्हिडिओ बघितलेले असावे लागतात, नाहीतर नव्वद दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी वेळा बघितलं गेलेलं असावं लागतं. ‘आजच भरा, उद्या दुप्पट फी’ असं कुणी म्हणालं, ओटीपी मागितला किंवा एखादं अॅप टाकायला लावलं, तर फोन ठेवून द्या. आधीच काही भरून बसला असाल आणि फसल्यासारखं वाटत असेल, तर लाजू नका, मालकांपासून लपवूही नका; लगेच १९३० या सायबर मदतीच्या नंबरावर तक्रार करा. जितक्या लवकर कराल तितकी बँकेत पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.